सुकाळातील उपासमार



ज्या विषयाने दीर्घकाळ माझे चित्त व्यापलेले आहे तोच विषय आपल्यापुढे ठेवावा, असे मी ठरविले आहे. मुंबईपासून दीडशे किलोमीटरांच्या आत, पाऊस भरपूर पडत असताना आणि बाजारपेठा धान्याने भरलेल्या असताना, दरवर्षी ठरावीक महिन्यांत पुष्कळशा घरांतील कणग्या रिकाम्या होतात आणि त्या घरांतील लहान मुले त्याच महिन्यांत वजनाने घटतात. या गोष्टीस आपण आपत्ती म्हणावयाचे की आपल्या अर्थव्यवस्थेचा नित्यक्रम म्हणावयाचे, हा माझ्या प्रतिपादनाचा प्रश्न आहे.

मी बोलतो आहे तो पालघर जिल्ह्याविषयी. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या पश्चिम अंगाने लोहमार्ग आणि अहमदाबादचा महामार्ग धावतो. देशातील पहिले अणुविद्युत केंद्र तारापूर येथे १९६९ पासून चालू आहे. त्याच्या लगत बोईसरची विस्तीर्ण औद्योगिक वसाहत आहे. दक्षिणेस वसई-विरारची दाट नागरी वस्ती मुंबईला जाऊन मिळाली आहे. आणि वाढवणच्या किनाऱ्यावर सुमारे ७६ हजार कोटी रुपये खर्चाच्या बंदराची पायाभरणी २०२४ साली झाली. याच जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या उतरणीवर, जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड हे तालुके वसलेले आहेत. जव्हार ही मुकणे घराण्याच्या महादेव कोळी संस्थानाची राजधानी. १९४८ साली ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा आदिवासी जमातींची येथे वस्ती असून जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत त्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी या गावांत कुपोषणाने जे बालमृत्यू झाले त्यांनी सारा महाराष्ट्र काही काळ हादरला, मंत्र्यांचे दौरे झाले, जव्हारला अप्पर जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी आली आणि या तालुक्यांची नावे प्रथमच राजधानीच्या दप्तरात ठळक अक्षरांत चढली. त्यानंतरच्या तीन दशकांत ती नावे पुनःपुन्हा वर्तमानपत्रांत आली आहेत, आणि बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धातच आली आहेत. या योगायोगाकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके आपण दिलेले नाही.

दारिद्र्य मोजण्याची विद्या या देशात ज्यांनी आरंभिली ते दादाभाई नौरोजी मुंबईचेच. १८७० नंतरच्या दशकात त्यांनी हिशेब मांडला तो असा की, सरकार तुरुंगातील कैद्याला जे अन्नवस्त्र देते त्याची किंमत किती आणि देशाचे दरडोई उत्पन्न किती. आणि दुसरा आकडा पहिल्याला पुरा पडत नाही, हे त्यांनी राज्यकर्त्यांच्याच कागदपत्रांतून सिद्ध केले. पुढे पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दरडोई २२५० उष्मांकांच्या आहाराचा मानदंड घेऊन, ग्रामीण जनतेपैकी सुमारे ४० टक्के व नागरी जनतेपैकी सुमारे ५० टक्के लोक तेवढ्याही उपभोगापासून वंचित आहेत, असा निष्कर्ष काढला. ही परंपरा आपली आहे आणि तिचा आपण अभिमान बाळगतो. परंतु त्या परंपरेने दिलेली दृष्टी आपल्या समृद्धीच्या आकड्यांवर मात्र आपण क्वचितच वळवितो. राष्ट्राच्या एकूण उत्पन्नातील तेरा-चौदा टक्के वाटा एकटा महाराष्ट्र उचलतो. त्याच महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, ३६.१ टक्के कमी वजनाची आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश आढळली. कृशतेचे अखिल भारतीय प्रमाण १९.३ टक्के, कमी वजनाचे ३२.१ टक्के. म्हणजे देशातील सर्वाधिक उत्पन्नाचे राज्य मुलांच्या अंगावरील मांसाच्या हिशेबात देशाच्या सरासरीच्याही मागे आहे. आणि आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीशी ताडून पाहता कृशतेचा आकडा तसूभरही हललेला नाही. जिल्ह्याची सरासरी काढताना वसईच्या सदनिकाधारकाचे उत्पन्न आणि मोखाड्याच्या मजुराचे उत्पन्न एका बेरजेत पडते आणि जो भागाकार हाती येतो तो या दोघांपैकी कोणाच्याही घरी सापडत नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. महाराष्ट्राच्या शासनयंत्रणेला दुष्काळ चांगला कळतो. १८८० च्या दुष्काळ आयोगापासून चालत आलेली नियमावली, गावोगावची आणेवारी, जी आज पैसेवारी म्हणून ओळखली जाते, ती पन्नास पैशांखाली उतरली की सुरू होणाऱ्या सवलती, साऱ्याची तहकुबी, टँकर, चारा छावण्या, या सर्वांचा शिरस्ता आपल्या महसूल खात्याच्या अंगवळणी पडलेला आहे. आणि १९७२ च्या भीषण अवर्षणात लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर जगविण्याचा जो पराक्रम या राज्याने केला त्याची नोंद जगाच्या अर्थशास्त्राने आदरपूर्वक घेतली आहे. परंतु ही सारी यंत्रणा एकच प्रश्न विचारते: पीक बुडाले काय? जव्हार-मोखाड्यात पीक बुडालेले नसते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तेथे अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, शेते हिरवीगार असतात, पैसेवारी उत्तम लागते. आणि ज्या घराला एक-दोन एकर वरकस जमिनीवरच्या नागली-वरईचा व थोड्याशा भाताचा आधार आहे, त्या घरात शंभर पैशांची पैसेवारी लागली तरी ते धान्य वर्षाचे बारा महिने पुरत नाही. बुडाले काय, या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येते. पुरले काय, हा प्रश्न दप्तरात नाही.

ते धान्य कसे संपते ते पाहू. हळवे भात दसऱ्याच्या सुमारास आणि गरवे दिवाळीनंतर हाती येते. कार्तिक-मार्गशीर्षात घरात धान्य असते. परंतु त्यातलेच काही बियाण्यासाठी राखावयाचे, काही उसनवारीच्या फेडीत जावयाचे, काही तेलमिठासाठी विकावयाचे. माघ-फाल्गुनापर्यंत कणगीचा तळ दिसू लागतो. उन्हाळ्यात मोहाची फुले, आंबा, करवंदे, नदीतील मासळी आणि मजुरी यांवर निभावते. ज्येष्ठात पहिला पाऊस पडला की शेवळी, कोळी, टाकळा, लोत अशा रानभाज्या उगवतात, खेकडे मिळतात, आणि धान्य अगदीच नसले की कडूकंद खणून, चिरून, राखेच्या पाण्यात शिजवून व वाहत्या पाण्यात धुऊन त्याचा कडूपणा घालवावा लागतो. बाहेरून येणारा पाहुणा या रानभाज्यांचे कौतुक करतो आणि त्या कौतुकास पात्र आहेतही. त्यांत लोह आहे, क्षार आहेत, शतकांचे ज्ञान आहे. पण भाकरीवाचून भाजी म्हणजे जेवण नव्हे, हे ती शिजविणारी बाई जाणते.

आणि याच आषाढ-श्रावणात वर्षातील सर्वांत कष्टाचे काम असते. राबाची रोपे उपटून चिखलात आवणी करावयाची ती बहुतांशी बायकांनी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कमरेत वाकून, पावसात भिजत, गर्भार असली तरी आणि अंगावर पिणारे मूल असले तरी. मूल बांधावर इरल्याखाली निजलेले किंवा सातआठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्याला दूध मिळते ते कामाच्या खंडात. पाणी गढूळ झालेले, हवा सर्द, हगवण आणि न्यूमोनिया यांचा हाच काळ, आणि ओढे भरल्यामुळे पाड्यावरून आरोग्य केंद्रापर्यंतची वाट तुटण्याचा काळही हाच. शरीराला अन्नाची गरज ज्या आठवड्यांत सर्वाधिक, नेमके त्याच आठवड्यांत घरात अन्न सर्वांत कमी. अशा पावसाळ्याच्या पाठोपाठ जन्मणारे मूल अडीच किलोंच्या आत भरले तर त्यात नवल कसले? ते मूल पुढे दगावले तर मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिले जाते, कमी वजनाचा जन्म लिहिला जातो, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते खरेच असते. परंतु त्या मुलाला अडीच-तीन किलोंचे बळ असते तर तोच न्यूमोनिया त्याने कदाचित परतवून लावला असता, ही गोष्ट दाखल्याच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. भूक मारते, आणि आरोप रोगावर येतो. विधिमंडळात ‘कुपोषणाने मृत्यू नाही’ असे उत्तर देता येते ते या रकान्यांच्या आधाराने, म्हणून या रकान्यांविषयी मी इतके सांगितले.

या ऋतुचक्राचे ज्ञान शासनाला नसले तरी एका वर्गाला ते पिढ्यान्‌पिढ्या होते. पावसाळ्यात खाण्यासाठी उसने घेतलेले धान्य ती खावटी, आणि सुगीला ती दिढीने किंवा दुपटीने फेडावयाची, न फिटल्यास अंगमेहनतीने फेडावयाची, हा व्यवहार ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत इतका मुरलेला होता की १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने आदिवासींच्या स्थितीवरील आपल्या अहवालात त्याची विस्ताराने दखल घेतली. वेठबिगार आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी राबवून घेण्याची लग्नगडीची पद्धत यांविरुद्ध शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ साली वारल्यांनी जो उठाव केला त्याने त्या दास्याचे उघड रूप मोडले. रक्त सांडून मोडले, आणि या जिल्ह्याच्या इतिहासात त्याहून मोठी घटना मला दिसत नाही. परंतु खावटीची गरज ज्या रिकाम्या कणगीतून निर्माण होते ती कणगी रिकामीच राहिली. सावकार गेला तेथे मुकादम आला. आज भाद्रपदात, गणपतीच्या सुमारास, घरात धान्य नाही आणि सण तोंडावर आहे अशा वेळी वीटभट्टीच्या मालकाचा माणूस पाड्यावर येतो व नवराबायकोच्या जोडीला बयाणा देतो. दिवाळी उरकली की ती जोडी मुलांसह भिवंडी, वसई, वाडा, कल्याणकडील भट्ट्यांवर निघते. दर हजारी विटांमागे मजुरी ठरते, आठवड्याला खर्चीपुरते पैसे मिळतात, बाकीचा हिशेब पावसाच्या तोंडावर होतो, आणि त्या हिशेबातून बयाणा व खर्ची वजा जाता जे उरते ते घेऊन, किंवा पुढील वर्षाची बाकी डोक्यावर घेऊन, कुटुंब पाड्यावर परतते, तेव्हा पेरणीचे दिवस आलेले असतात आणि कणगी रिकामी असते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा आहे. मुंबई महानगराच्या इमारतींच्या विटांपैकी कित्येक या जोड्यांच्या हातच्या आहेत.

आपण विचाराल, रोजगार हमी योजना कोठे गेली? वि. स. पागे यांच्या प्रतिभेतून निघालेली ती योजना या राज्याचे भूषण आहे. १९७७ चा आपला कायदा आणि त्या धर्तीवर झालेला २००५ चा केंद्रीय कायदा यांनी कामाचा हक्क कागदावर आणला, आणि त्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण या दोन्हींची रचना अवर्षणाच्या अनुभवातून झालेली. मातीची कामे उन्हाळ्यात निघतात, तेव्हा जव्हारचा मजूर भट्टीवर असतो. पावसात ती बहुतांशी थांबतात, तेव्हा तो घरी असतो आणि उपाशी असतो. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. सरकारी कामाचे पैसे काम झाल्यावर, हजेरीपट भरल्यावर, मोजमाप झाल्यावर, कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांत आणि प्रत्यक्षात पुष्कळदा त्याहून उशिरा बँकेत जमा होतात, आणि ती बँक तालुक्याच्या गावी असते. मुकादमाचे पैसे कामाच्या आधी, रोख, दारात मिळतात. दर कोणाचा अधिक याला फारसे महत्त्व राहत नाही. ज्याच्या घरी आज संध्याकाळी शिजवावयास काही नाही तो आधी देणाऱ्याकडेच जातो, आणि त्याला यासाठी अज्ञानी म्हणणे हा अन्याय आहे. शासनानेही १९७८ पासून खावटी कर्जाची योजना चालविली, पुढे ती अनुदानात बदलली. २०२० च्या टाळेबंदीनंतर दर कुटुंबास दोन हजार रुपये रोख व दोन हजारांच्या वस्तू असे साहाय्य सप्टेंबरात मंजूर झाले. वस्तूंचे वाटप मात्र बहुतेक ठिकाणी पुढील वर्ष उजाडल्यावर झाले. देणे थोडे होते असे मी म्हणत नाही. ज्येष्ठात पोहोचणारे एक पोते तांदूळ आणि माघात पोहोचणारे एक पोते तांदूळ या दोन भिन्न वस्तू आहेत, एवढेच माझे म्हणणे आहे. पहिली बयाणा टाळते, दुसरी टाळत नाही.

पाण्याविषयी थोडे बोलतो. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांपैकी मध्य वैतरणेचे धरण मोखाडा तालुक्यात आहे. मोडकसागर, तानसा, भातसा हे शेजारच्याच डोंगरांत. धामणीच्या सूर्या प्रकल्पातून दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदर यांच्यासाठी राखून ठेवण्यात आले, आणि ज्या आदिवासी शेतांच्या सिंचनासाठी तो प्रकल्प कल्पिला गेला होता त्यांचा वाटा त्या मानाने आक्रसला. फाल्गुनापासून या पाड्यांवरील झरे आटतात आणि बायका हंडे घेऊन दऱ्या उतरतात. शहराला पाणी नको काय, असे कोणी विचारील. हवेच, परंतु ज्याच्या डोंगरावरचे पाणी घ्यावयाचे त्याला रब्बीच्या एका पिकापुरते तरी ते द्यावे, म्हणजे मार्गशीर्षात भट्टीवर जाण्याऐवजी त्याला घरी हरभरा, भाजीपाला किंवा मोगरा करता येईल. जव्हार-विक्रमगडात मोगऱ्याची लागवड करून काही कुटुंबांनी स्थलांतर थांबविले आहे, ही गोष्ट या भागात फिरणाऱ्या कोणालाही दिसेल. जेथे जानेवारीत ओलावा आहे तेथे माणसे घरी आहेत.

बालकांच्या पोषणाचा जो राष्ट्रव्यापी कार्यक्रम २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाला, त्यातील अंगणवाडीची कल्पना याच जिल्ह्यात जन्मली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम करताना पाहिले की आदिवासी मूल शाळेकडे येत नाही. तेव्हा त्यांनी शाळा त्याच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. त्या दोघींच्या बुद्धीची झेप मला येथे दिसते: लाभार्थ्याने संस्थेच्या दारी यावे, ही अपेक्षाच त्यांनी सोडून दिली. आजच्या व्यवस्थेत ती अपेक्षा परत आली आहे. २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस ताजे जेवण आणि पुढे बालकांना अंडी मिळू लागली. योजना उत्तम आहे, तिचे समर्थन मी कोठेही करीन. पण ज्या महिन्यात तालुक्याहून पैसे येत नाहीत त्या महिन्यात किराण्याची उधारी अंगणवाडी सेविकेच्या नावावर चढते. आणि नोव्हेंबरपासून मेपर्यंत ती माता आणि ते मूल भिवंडीच्या भट्टीवर असते, तेथे त्यांचे नाव कोणत्याही अंगणवाडीच्या पटावर नसते. स्थलांतरितांचा माग ठेवणारी संगणकीय पद्धत राज्याने सुरू केली आहे. माग ठेवणे चांगले. त्या मागावरून जेवण पोहोचले पाहिजे.

शहराकडे जाणाऱ्या या वाटेच्या दुसऱ्या टोकालाही एक गोष्ट आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील दर माणशी महिना पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो धान्य मिळते व २०२३ पासून ते विनामूल्य मिळते. हे धान्य नसते तर मी वर्णन केलेली स्थिती कितीतरी भीषण झाली असती. परंतु महाराष्ट्रात या लाभार्थ्यांची कमाल संख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे, आणि शहरी भागातील प्राधान्य कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वार्षिक ५९ हजार रुपये, म्हणजे महिना पाच हजारांच्याही आत ठरली. मुंबईच्या परिसरात पाच हजारांत जे कुटुंब खोलीचे भाडे देऊन जेवते त्याची कल्पना मला करवत नाही. त्या मर्यादेच्या किंचित वर असलेली घरे कायद्याच्या दृष्टीने सधन आहेत.

या विषयावर बोलले की एक आक्षेप ठरलेला असतो: लवकर होणारी लग्ने, पाठोपाठची बाळंतपणे, दारू, भगताकडे जाण्याची चाल, ही खरी कारणे असून अन्नाचा प्रश्न दुय्यम आहे. हा आक्षेप मी झटकून टाकीत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे बाळंतपण धोक्याचे असते आणि दोन मुलांत अंतर नसले की दोन्ही मुले सोसतात. पण ज्या घराला दिवाळीनंतर भट्टीवर जावयाचे आहे त्या घराला हजारी विटा पाडण्यास जोडी लागते. एकट्या मुलीला भट्टीवर ठेवणे आईबापांना धोक्याचे वाटते. तिची शाळा ऐन मध्यात सुटलेली असते. तिचे लग्न लवकर होते त्यात रूढीचा जितका भाग आहे तितकाच त्या बयाण्याचाही आहे. आणि भगत पाड्यावर राहतो, डॉक्टर तालुक्याला.

म्हणून मी जे मागतो ते फार नाही आणि त्यासाठी नवा कायदाही नको. पैसेवारी कितीही लागो, या तालुक्यांत खावटीचे धान्य मृग नक्षत्राच्या आधी घरात पडावे, आणि त्याची तारीख अर्थसंकल्पीय वर्षाने न ठरता पेरणीने ठरावी. रोजगार हमीची कामे पावसाळ्यातही करता येतील अशी निवडावीत: स्वतःच्या वरकस जमिनीवर फळझाडांची लागवड, बांधबंदिस्ती, रोपवाटिका, यांची मजुरी कुटुंबाला आपल्याच शेतात मिळावी, आणि भाद्रपदात त्या मजुरीचा काही भाग आगाऊ द्यावा, म्हणजे मुकादम जे आधी देतो ते शासनाने आधी दिलेले असेल. प्रत्येक वीटभट्टीच्या परवान्याबरोबर तेथील मुलांच्या अंगणवाडीची जबाबदारी त्या भागातील प्रकल्प अधिकाऱ्यावर नावानिशी टाकावी. बालमृत्यूच्या प्रत्येक चौकशीत जन्मवजन, आईचे वजन, आणि मागील तीन महिन्यांत घरात धान्य किती होते, हे तीन रकाने भरले जावेत. यापैकी शेवटच्या गोष्टीला पैसा जवळजवळ लागत नाही. तिला फक्त आरोग्य खात्याचे एक परिपत्रक लागते, आणि ते येत्या ज्येष्ठापूर्वी निघू शकते.